अक्षरी रुपये

शीळफाट्यावर आमची जुन्या लाकडाची वखार आहे. उरणच्या बंदरातून आलेल्या कंटेनरमधल्या पेट्या, पॅलेट, पाडलेल्या घरांचे वासे, चौकटी, खिडक्या असा सगळा माल. पुढच्या चौकातून एक रस्ता मुंब्र्याकडे जातो, एक कल्याणला, एक पनवेलला, एक महापेला. दिवसभर ट्रेलर जात असतात आणि आमच्या हिशेबाच्या वहीवर धुळीचा एक थर कायम असतो. अब्बा फुंकर मारतात आणि मग लिहितात. चाळीस वर्षं तसंच चाललंय.

अब्बांचा आकडा कधी चुकत नाही. चेकवर चौकटीत रक्कम तेच टाकतात, सही तेच करतात. मधली ओळ, ज्याला आपण 'अक्षरी रुपये' म्हणतो, ती मात्र कायम दुसऱ्या कुणीतरी लिहायची. आधी शेजारच्या गाळ्यातला मुनीम लिहायचा, मग माझी मोठी बहीण, आणि मी बी.कॉम. झाल्यापासून मी. ती ओळ इंग्रजीत असते आणि अब्बांना इंग्रजी वाचता येत नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यात मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेला माणूस.

मागच्या वर्षी रमजानच्या आधी तळोज्याच्या एका व्यापाऱ्याला 40,500 रुपयांचा चेक द्यायचा होता. माझ्या कानाला फोन होता. ट्रक खाडीपुलाजवळ अडकला होता, ड्रायव्हर ओरडत होता, मी एका हाताने लिहीत होतो. लिहिलं ते 'फोर्टीन थाउजंड फाइव्ह हंड्रेड ओन्ली'. चाळीसच्या जागी चौदा. अब्बांनी आकडा बघितला, बरोबर होता, सही केली.

चार दिवसांनी फोन आला. "चाचा, चेक वापस आया."

या धंद्यात चेक परत आला की कारण कुणी विचारत नाही. खात्यात पैसे नव्हते, असंच सगळे धरून चालतात. बँकेच्या कागदावर कारण स्पष्ट छापलेलं होतं, आकड्यातली आणि अक्षरातली रक्कम जुळत नाही म्हणून. पण तो कागद व्यापाऱ्याच्या खिशात होता आणि बातमी बाजारात. दुसऱ्या दिवशी मी रोख रक्कम नेऊन दिली, माफी मागितली. संध्याकाळी अब्बांनी तो परत आलेला चेक माझ्यासमोर धरला.

"इसमें क्या लिखा है, पढ."

मी वाचलं. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. ते एवढंच म्हणाले, "आकडा तो मैंने देखा था."

रागावले असते तर बरं झालं असतं.

त्या रात्री मी कायदा शोधला. अपराधी माणूस कलमं शोधतोच. 1881च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे ज्याला सगळे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणतात त्याचं, कलम 18 सांगतं की आकड्यात आणि अक्षरात फरक असेल तर अक्षरात लिहिलेली रक्कम खरी धरायची. व्यवहारात बँका असा चेक सरळ परत पाठवतात, पण कायद्याचा कल अक्षराकडे आहे. म्हणजे चाळीस वर्षं अब्बांनी जो आकडा डोळ्यांत तेल घालून तपासला तो दुय्यम होता. मुख्य ओळ ती, जी त्यांना वाचताच येत नव्हती. आणि ती चुकली तर खोडूनही चालत नाही. चेकचे फोटो पाठवून वटवायची सीटीएस पद्धत आल्यापासून तारीख सोडून दुसरी खाडाखोड चालत नाही, नवीनच चेक फाडावा लागतो.

माझा भाचा नववीत आहे, कौसाच्या इंग्रजी शाळेत. शाळेत त्यांना पायथॉन शिकवायला सुरुवात झाली होती. त्याला किस्सा कळला तेव्हा तो म्हणाला, "मामू, प्रोग्राम बना देते हैं. नाना नंबर डालेंगे, स्पेलिंग आ जाएगी. देखके उतार लेंगे."

मला पटलं. रविवारी वखारीत गिऱ्हाईक कमी असतं. जुना लॅपटॉप, पॅलेटचं टेबल, आणि आम्ही दोघं. मी आयुष्यात एकही प्रोग्राम लिहिलेला नव्हता.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मला त्यात खरंच मजा आली. संगणकाला 'फोर्टी सेव्हन' येत नाही. त्याला भागाकार येतो. 47ला 10ने भागलं की भाग 4, बाकी 7. चौथ्या खणात 'फोर्टी' ठेवलेलं आहे, सातव्या खणात 'सेव्हन'. दोन्ही शेजारी ठेवले की झालं. शून्यापासून एकोणीसपर्यंतचे वीस शब्द पाठ करून द्यायचे, कारण टेन, इलेव्हन, ट्वेल्व्ह आणि ती टीनवाली मंडळी नियमात बसत नाहीत. मग ट्वेंटीपासून नाइंटीपर्यंत आठ शब्द. एकूण 28. वर हंड्रेड, थाउजंड, लाख, करोड हे चार. बत्तीस शब्दांत कोट्यवधी रुपये वाचता येतात.

शेकड्यांनाही तेच. 500ला 100ने भाग, भाग 5, बाकी शून्य. 40,500ला आधी 1000ने भाग, भाग 40, बाकी 500. आता हे 40 कसे वाचायचे? त्याच नियमाला परत बोलवायचं. नियम स्वतःलाच हाक मारतो. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला दोन मिनिटं काही कळलं नाही, मग एकदम कळलं.

पहिल्या फेरीत गमती झाल्या. 40 टाकलं तर 'फोर्टी झीरो' आलं. बाकी शून्य असेल तेव्हा गप्प बसायचं, हेही संगणकाला सांगावं लागतं. भाच्याने धडा इंटरनेटवरून घेतला होता, तो परदेशी होता, म्हणून 12,50,000 टाकल्यावर 'वन मिलियन टू हंड्रेड फिफ्टी थाउजंड' असं आलं. आपल्याकडे शेवटचे तीन आकडे एकत्र आणि मग दोन-दोन. ते बदललं. 'फोर्टी'च्या स्पेलिंगमध्ये त्याने यू घातला होता. फोरमध्ये यू आहे, फोर्टीनमध्ये आहे, फोर्टीत नाही. का नाही, हे आम्हाला दोघांनाही सांगता आलं नाही. माझी चूक जिथे झाली होती तिथेच इंग्रजी भाषाही जरा अडखळलेली आहे, हे बघून थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

अशा ठरावीक पायऱ्यांच्या कृतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द 9व्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिज्मी यांच्या नावाच्या लॅटिन रूपातून आला. त्यांनी हिंदी अंकांनी हिशेब कसा करावा यावर पुस्तक लिहिलं होतं. त्याचं अरबी मूळ हरवलं, लॅटिन रूपं उरली. युरोप ज्यांना अरबी अंक म्हणतो ते इथून तिथे गेले होते. हे मी भाच्याला जरा छाती फुगवून सांगितलं. तो म्हणाला, "मामू, सेमीकोलन निकालो, पायथॉन में नहीं लगता."

संध्याकाळपर्यंत प्रोग्राम चालू झाला. अब्बांना बोलावलं. भाच्याने 40500 टाकलं, पडद्यावर ओळ आली. त्याने मोठ्याने वाचून दाखवली. अब्बा वाकून बघत राहिले.

"ये सही लिखा है, मेरे कू कैसा मालूम होगा?"

दोघेही गप्प. आधी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, आता मशीनवर ठेवायचा. त्यांच्या बाजूने काहीच बदललं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "मराठीत येत नाही का यात?" वखारीत हिशेबाचं बोलायचं झालं की अब्बा मराठीवर येतात. घरात दखनी, हिशेब मराठी.

भाचा म्हणाला, त्यात काय, शब्द बदलायचे. वीस-एक शब्द टाकले की झालं. मी मनात हसलो. त्याला आपल्या मराठीची माहिती नव्हती.

त्याने 'दोन' लिहिलं, 'वीस' लिहिलं, 'तीस' लिहिलं आणि जोडायला बसला. बावीसमध्ये दोनचा 'बा' होतो. बरं, 'बा' ठेवू. बत्तीसमध्ये नुसता 'ब'. बेचाळीसमध्ये 'बे'. बावन्न, बासष्ट, बाहत्तरमध्ये परत 'बा'. ब्याऐंशीत 'ब्या'. सहाचं तर विचारू नका. सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. पन्नासचं कुठे 'वन्न' होतं कुठे 'पन्न', सत्तरचं 'हत्तर' होतं. संस्कृतातले लांब शब्द प्राकृतातून येता येता लोकांच्या तोंडात शेकडो वर्षं झिजले, प्रत्येक आपापल्या परीने झिजला. नदीतले गोटे एका मापाचे नसतात, तसं.

एक नियम त्याला सापडला तेव्हा तो खूश झाला. नवाने संपणारी प्रत्येक संख्या म्हणजे पुढच्या दशकाला एक कमी, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास. त्याने नियम लिहिला आणि 99 टाकलं. पडद्यावर आलं 'एकोणशंभर'. अब्बा इतके हसले की त्यांना ठसका लागला. उर्दूत तर हा नियम 79च्या उन्यासीवरच संपतो, 89ला नवासी. मराठी एक पायरी पुढे जाते, एकोणनव्वद म्हणते, आणि नव्व्याण्णवला तीही हात टेकते. वजाबाकी करून संख्या सांगायची ही रीत मला लहानपणी मौलवीसाहेबांनी वेगळ्या संदर्भात दाखवली होती. कुराणात नूह अलैहिस्सलाम आपल्या कौममध्ये किती वर्षं राहिले ते साडेनऊशे असं न सांगता पन्नास कमी हजार असं सांगितलंय.

शेवटी भाच्याने हात वर केले. "शंभरच्या शंभर टाइप करावे लागतील." इंग्रजीला 28 पुरतात, मराठीला शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत पूर्ण 100. वर शंभरचं वेगळंच. 100 म्हणजे शंभर, पण 105 म्हणजे एकशे पाच. नुसतं 'एकशे' कुणी म्हणत नाही.

इथे मला 2019 आठवलं. त्या वर्षी जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढं रान उठलं होतं. एकवीसला 'वीस एक', बावीसला 'वीस दोन' असं वाचायची पद्धत पुस्तकात दिली होती. विधानसभेत फडणवीसांच्या आडनावातल्या 'वीस'वर कोट्या झाल्या. मराठी मारायला निघाले, असं लोक म्हणाले. जुनी नावं पुस्तकातून काढलेली नव्हती, दोन्ही दिली होती, पण तेवढं कोण बघतो. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की मूल 'पंचवीस' ऐकतं, पाच आधी ऐकतं, म्हणून 52 लिहितं, आणि त्यात जोडाक्षरांचा भार. मीही तेव्हा ते विनोद आमच्या ग्रुपवर पुढे पाठवले होते. मराठी शाळेत शिकलेला मुसलमान, मराठीचा अभिमान दाखवायची संधी कशाला सोडेल? आपल्याला तो जरा जास्तच दाखवावा लागतो, हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

मंगलाताई 2023 साली गेल्या. त्यांचं म्हणणं मला कळलं ते भाच्याला त्या शंभर शब्दांपुढे बसलेलं बघून. तो हुशार मुलगा आहे, आणि त्याला एकोणसाठ म्हणजे 59 की 69 ते सांगता येत नव्हतं.

मी हे अब्बांना सांगितलं. त्यांना वादाचं काहीच माहीत नव्हतं. म्हणाले, "मग कानडीत काय म्हणतात? इप्पत्तोंदू. वीस-एकच की." अक्कलकोटच्या बाजारात निम्मा व्यवहार कानडीत. सोलापुरात विणकरांच्या गल्लीत तेलुगू, तिथे इरवै ओकटी, तेही वीस-एक. आणि अरबीत? भाच्याने मदरशात शिकलेलं आठवून सांगितलं, वाहिद व इश्रून, एक आणि वीस, आपल्या एकवीससारखं. इंग्रजीतही पूर्वी चार-आणि-वीस म्हणायची चाल होती, नंतर बदलली. अब्बांनी मान हलवली. त्यांना यात भांडण्यासारखं काही दिसलं नाही. "ज्याला जे समजतं ते आधी सांगायचं, मग बाकीचं."

पण प्रोग्रामला शंभर हवेच होते. अब्बा खुर्ची ओढून बसले आणि सांगायला लागले. पाढे म्हणायच्या चालीत, डोळे मिटून, मांडीवर बोटाने ठेका धरून. त्यांच्या तोंडी एकुणसाट, एकुणसत्तर असे खेड्यातले उच्चार, मी पुस्तकातलं रूप सांगायचो, भाचा टाइप करायचा. बाहेर ट्रेलर जात होते, मधेच ते थांबायचे, आवाज गेला की पुढचा आकडा. चौऱ्याहत्तरला थांबले तेव्हा बाहेर काही आवाज नव्हता. 4 एप्रिल 2013ला इथून जवळ, लकी कंपाउंडमध्ये, बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली होती. मेलेल्यांचा आकडा 74 होता. रात्रभर आमच्या वखारीतले बांबू आणि वासे तिकडे जात होते, टेकू द्यायला. भाचा तेव्हा दोन-तीन वर्षांचा असेल. तो म्हणाला, "नाना, आगे?" अब्बा म्हणाले, "पंच्याहत्तर," आणि पुढे गेले.

नव्व्याण्णवनंतरही ते थांबेनात. निमकी, पाऊणकी, सवाई, दिडकी, अडीचकी. चौथीपर्यंतच्या शाळेत त्यांनी अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. भाच्याला कळेना की हे काय. मी सांगितलं, दीडचा पाढा. दीड एके दीड, दीड दुणे तीन. त्याने विचारलं की प्रोग्रामने 1500ला दीड हजार म्हणायचं की एक हजार पाचशे? 1250ला सव्वा हजार की साडेबाराशे? 2,50,000ला अडीच लाख? अब्बा म्हणाले बोलताना दीड हजार, लिहिताना एक हजार पाचशे. लिहिताना फोड करून लिहायचं, म्हणजे कुणी फिरवत नाही. हा नियम आम्ही तसाच घेतला.

प्रोग्राम चालला. 40500 टाकलं. 'चाळीस हजार पाचशे'. अब्बांनी चष्मा पुसला, अक्षर अक्षर लावून स्वतः वाचलं. मग 59250. 'एकोणसाठ हजार दोनशे पन्नास'. मग त्यांनी स्वतः बोटाने आकडे दाबले, दहा-बारा वेळा, आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचली. एका ठिकाणी त्र्याऐंशी चुकीचं टाइप झालेलं त्यांनीच पकडलं.

आणि मग विचारलं, "मराठीत लिहिलेला चेक बँकेत चालतो का?"

मी म्हणालो, "नाही चालत."

हे मी कुठे वाचलं होतं? कुठेच नाही. भाच्याने फोनवर शोधलं. रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत की चेकचा छापील कागद हिंदी आणि इंग्रजीत असावा, पण गिऱ्हाइकाने तो हिंदी, इंग्रजी किंवा त्या त्या प्रदेशाच्या भाषेत भरला तरी चालतो. मी बी.कॉम., पंधरा वर्षं अब्बांचे चेक लिहितोय. त्यांनी एकदाही विचारलं नाही आणि मी एकदाही बघितलं नाही. मुनिमानेही नाही. आम्ही सगळे इंग्रजी लिहीत राहिलो कारण आम्हाला ते येत होतं.

अब्बा काही बोलले नाहीत. उठून नमाजला गेले.

पुढच्या आठवड्यात त्याच तळोज्याच्या व्यापाऱ्याचे 59,250 द्यायचे होते. अब्बांनी आधी वहीच्या मागच्या पानावर तीनदा लिहून बघितलं. 'एकोण'मधला ण त्यांना नीट जमेना, शाळा सुटून साठ वर्षं झालेली. मग चेकवर लिहिलं, मोठ्या, जरा थरथरत्या अक्षरात, ओळीच्या सुरुवातीला चिकटून. एकोणसाठ हजार दोनशे पन्नास फक्त. प्रोग्राम उघडून ताडून बघितलं. लॅपटॉप बंद केला.

व्यापारी चेक घेऊन बँकेत गेला आणि तिथूनच त्याचा फोन आला. काउंटरवरचा मुलगा म्हणतोय की इंग्रजीत लिहून आणा. अब्बांनी माझ्याकडे फोन दिला नाही. ते मराठीत म्हणाले, "साहेब कोण आहेत, त्यांना वाचायला द्या. अक्षर लागत नसेल तर मी येतो." पलीकडे थोडा वेळ नुसता गलका ऐकू आला. मग कुणीतरी ती ओळ मोठ्याने वाचली, फोनवर आम्हालाही ऐकू आली, आणि शिक्क्याचा आवाज.

दोन दिवसांनी अब्बांच्या फोनवर खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला. इंग्रजीत. त्यांनी तो माझ्यापुढे धरला, आकड्यावर बोट ठेवलं, "एकोणसाठ हजार दोनशे पन्नास," म्हणाले, आणि विचारलं, "खाली शिल्लक किती लिहिली आहे?"